आजाऱ्याला पक्षी नाही

नवऱ्याच्या दहाव्याच्या सकाळी पासिर रिसच्या किनाऱ्यावर मी जे बोलले, त्याने सगळ्यात जास्त मीच हादरले. "खरा पक्षी येईपर्यंत मी इथून हलणार नाही," असे मी गुरुजींना सांगितले. मी देवाधर्माची नाही, आणि चारचौघांत आवाज चढवणारी तर नाहीच.

हे कुठून आले ते सांगायचे तर त्याच्या वेडापासून सुरुवात करावी लागेल. तो नोकरीत हिशेब तपासायचा आणि घरी दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्पेनमधल्या टोळ्यांबद्दल वाचायचा. इबेरियन, केल्ट, आणि दोन्हींच्या संस्कृतीतून घडलेले केल्टिबेरियन. इथे परदेशात, तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटमध्ये वरणभात वाढता वाढता मला त्यांची काळी, खरखरीत लोकरीची घोंगडी माहीत झाली, छोट्या गोल ढाली माहीत झाल्या. तलवारीसाठीचे लोखंड ते आधी जमिनीत पुरून ठेवत. कच्चा भाग गंजून जाई, उरेल त्याचीच तलवार घडवत. केमोथेरपी सुरू झाली त्या दिवशी तो डॉक्टरांसमोरच मला म्हणाला, "मला पुरलंय गं आता. बघू किती उरतो." डॉक्टरांना मराठी येत नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी फाइल पुढे सरकवली.

त्याच्या एका पुस्तकात मडक्याच्या तुकड्याचा फोटो होता. जमिनीवर पडलेला योद्धा आणि त्याच्यावर वाकलेले गिधाड. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी पुस्तक मिटले. त्याने ते पुन्हा उघडले. लढताना पडला त्याला ते लोक जाळत नसत, तो म्हणाला, गिधाडांसाठी ठेवत. पक्षी त्याला वर देवांकडे नेतो, अशी समजूत. आजाराने गेला त्याला मात्र जाळायचे.

शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलमध्ये त्याने हा विषय परत काढला.

"मला जाळतीलच," तो म्हणाला.

"आपल्यात सगळ्यांनाच जाळतात."

"ते झालंच." मग छताकडे बघून, "पण आजाऱ्याला पक्षी नाही."

गंमत करत असेल म्हणून मी त्याच्या तोंडाकडे पाहिले. तो गंमत करत नव्हता. त्या सुया, त्या उलट्या, पुन्हा उठून भिंत धरत बाथरूमपर्यंत जाणे, या सगळ्याला मी मनात लढाई म्हणत आले होते. त्याच्या लेखी ते नुसते अंथरूण होते. तेवढ्यात नर्स आली आणि माझे उत्तर राहून गेले. नंतर तो बोलण्याच्या स्थितीत नव्हता.

म्हणून त्या सकाळी मला पक्षी हवा होता.

गुरुजी एरवी बँकेच्या संगणकांवर काम करतात. दहाव्यासाठी अर्धी रजा टाकून आले होते. त्यांनी दर्भाचा कावळा घरूनच करून आणला होता. "ताई, इथे हाच चालतो," ते म्हणाले, "शास्त्रात सोय आहे." मी नाही म्हटल्यावर ते दर्भाचा कावळा हातात धरून तसेच उभे राहिले.

दीर मुंबईहून आले होते. पण इथले नियम त्यांनी विमानातच वाचलेले. "वहिनी, पक्ष्यांना खायला घातलं तर दंड आहे म्हणे."

"काका, मग तुम्ही वॉच ठेवा लाह," माझी मुलगी इथल्या लकबीत म्हणाली.

केळीच्या पानावर भाताचा पिंड. समोरच्या झाडावर दोन कावळे, ढिम्म. दिरांनी हात जोडले. "दादा, पोरीच्या शिक्षणाची काळजी करू नकोस. वहिनींना एकटं पडू देणार नाही." कावळे हलले नाहीत. मुलगी पुटपुटली, "बाबाला हे नकोच आहे." तिला काय ठाऊक होते, कोण जाणे. तिलाही त्याने ते मडके दाखवलेच असणार.

मग अंगावरून सावली गेली. वर बघेपर्यंत तांबूस पंख अगदी डोक्याशी होते, त्यांचा वारा गालाला लागला. घार पिंड घेऊन पाण्यावर गेलीसुद्धा. मी किंचाळले होते, हे मला दिरांच्या चेहऱ्यावरून कळले. माझा हात वर होता, पिंड वाचवायला. ज्याची वाट बघत होते त्यालाच हाकलायला निघालेला माझा हात.

गुरुजी हळूच म्हणाले, "कावळाच लागतो खरं तर."

"बाबाला अपग्रेड मिळालं," मुलगी म्हणाली. हसली, आणि तिथेच वाळूत बसून रडू लागली.

घार थोडी वर चढली. नुसता भात आहे हे तिला कळले असावे, तिने पाय सैल सोडले. गोळा हवेतच फुटला आणि समुद्रात पडला.

"टाकला तिने," मुलगी म्हणाली. "आई, मग हे धरायचं की नाही?"

हॉस्पिटलमध्ये राहून गेलेले उत्तर मला तिथे सापडले, आणि ते मी तिला दिले. "त्या मडक्यावरही पक्षी आलेला आहे, एवढंच दिसतं. पुढचा तुकडा कुणालाच सापडलेला नाही."

मग मी गुरुजींना म्हटले, चला, झाले.