पाय कापलेलं टेबल

पेशकारसाहेब माणसाचं तोंड नंतर बघत, आधी बैठक बघत. औरंगपुऱ्यातल्या आमच्या सरकारी कचेरीत मी टायपिस्ट म्हणून रुजू झाले, त्या दिवशी बाकी सगळ्यांनी माझं आडनाव, गाव आणि माहेर विचारून घेतलं. हे एकटे काही विचारेनात. माझ्या खुर्चीच्या बाजूला येऊन उभे राहिले, मान तिरकी करून मला पायांपासून खांद्यांपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "कोपर टांगलंय तुमचं, बाई. टांगलेलं कोपर संध्याकाळी मानंत येऊन बसतं." मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं जरा सरकलेलं दिसतंय. संध्याकाळी घरी जाताना माझी मान वळेना.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण फक्त तिथंच. निजामाच्या काळात ते तालुक्याच्या कचेरीत पेशकार होते, म्हणजे साहेबांपुढे रोजचे कागद मांडणारे कारकून. पोलीस ॲक्शननंतर ते पद गेलं, नाव मात्र चिकटून राहिलं. उर्दू फायलींच्या जागी मराठी फायली आल्या, तर तेही शिकले. "जबान बदलली लवकर," ते सांगत, "बैठक काय बदलंना." जुन्या कचेरीत जाजमावर बसायचं, पाठीला लोड, पुढ्यात बुटकं उतरतं मेज. त्यामुळे खुर्चीतही ते मांडी घालून बसत आणि त्यांचे जोडे टेबलाखाली शेजारी शेजारी, टाचा भिंतीला लावून, शिस्तीत उभे असत. नव्या साहेबांना वाटायचं, काय हा गबाळेपणा! पण त्यांची पाठ कधी वाकलेली मी पाहिली नाही, आणि साहेबांची कधी सरळ पाहिली नाही.

खुर्चीवर त्यांचा रागच होता म्हणा ना. "जाजमावर लोड सगळ्यांना मिळायचा. हुद्दा कोणताबी असू द्या, पाठ ती पाठच. खुर्ची आली अन् साहेबाला गादीची झाली, कारकुनाला फळीची." हे बोलताना त्यांचा आवाज चढायचा. एरवी ते इतके हळू बोलत की फोनवर पलीकडचा माणूस ओरडायला लागे.

त्यांच्या खणात फायलींपेक्षा लाकडी पाचरी, पुठ्ठ्याच्या घड्या, सुतळी आणि चिंध्यांच्या छोट्या गाद्या जास्त निघत. गाद्या त्यांच्या घरून, दौलताबादहून यायच्या. त्यांच्या बायको, ज्यांना आम्ही सगळे चाची म्हणायचो, त्या जुन्या लुगड्यांच्या शिवून देत. आमचे अकाउंटंट दिवसभर मान घालून आकडे लिहायचे आणि डोकं दुखतं म्हणून चहावर चहा मागवायचे. पेशकारसाहेबांनी त्यांच्या वहीखाली संत्र्याच्या खोक्याची फळी उतरती ठोकून दिली. "कागदानं डोळ्याजवळ यावं. डोळ्यानं काहून जायचं कागदाकडं?" अकाउंटंटांनी आठवडाभर कुरकुर केली आणि मग ती फळी कुणाला हात लावू देईनात.

माझी गोष्ट जरा अवघड होती. मी मुळात बुटकी. कचेरीनं मला लिहिण्याचं उंच टेबल दिलेलं आणि त्यावर ते धूड मशीन. टाइप करताना हात वर उचललेलेच असायचे. त्यांनी खुर्चीवर दोन गाद्या चढवल्या, लोंबणाऱ्या पायांखाली घरून आणलेला पाट सरकवला आणि लांब जाऊन बघितलं. परत आले, वरची गादी काढली, तिचीच घडी घालून कंबरेशी कोंबली. "आता मारा." मी टाइप करू लागले. हात आपसूक खाली उतरले. घरी गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "आज लवकर सोडलं का?" कारण मी मान न चोळता थेट स्वयंपाकघरात गेले होते.

सासूबाईंचा माझ्या नोकरीला उघड विरोध नव्हता, पण त्यांचं लक्ष असायचं. आमच्या घरात नोकरी करणारी मी पहिलीच सून. मला दिवस गेले तेव्हा त्यांनी एकच अट घातली: "पाठ धरून घरी आलीस की दुसऱ्या दिवसापासून जायचं नाही." माझी जागा तात्पुरती होती. कायम होण्याआधी सोडली असती तर ती परत मिळाली नसती, आणि मला ती हवी होती. पगारासाठी तर होतीच, पण त्या मशीनवर माझी बोटं पळू लागली की मला मी आवडायचे. हे घरात कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

सहावा महिना लागला आणि पाय सुजू लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गादीवर चढून पाटावर पाय ठेवणं बंद, पाय जमिनीला टेकले पाहिजेत. पण खालची गादी काढली की टेबल गळ्याशी यायचं. बुटक्या टेबलासाठी साहेबांनी वर अर्ज पाठवला, वरून उलट विचारणा आली, तिचं उत्तर गेलं. मी संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी थांबायचे, पाठीवरचा हात काढायचे आणि मगच दारात शिरायचे. पेशकारसाहेबांनी हे कुठून पाहिलं कोण जाणे. बसस्टँडकडे जाताना दिसलं असेल. दुसऱ्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "टेबलाला मंजुरी येईल तवर तुमचं लेकरू शाळंत जाईल, बेटी." बाईची मी बेटी झाले ती त्या दिवशी.

सोमवारी येऊन बघते तर माझ्या टेबलाचे चारही पाय कापलेले. रविवारी त्यांनी दौलताबादहून ओळखीचा सुतार आणून काम उरकलं होतं. कापलेले तुकडे त्यांच्या खणात व्यवस्थित बांधून ठेवलेले. मी बसले. पाय जमिनीला, पाठ गादीला, हात मशीनवर. मला रडूच आलं. ते गोंधळले आणि पुन्हा वाकून बघू लागले, कुठं टोचतंय म्हणून.

सरकारी टेबल कापणं म्हणजे काय, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. पेशकारसाहेबांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते आणि पेन्शनीचे कागद वर जायचे होते. तेवढ्यात वरच्या साहेबांची तपासणी जाहीर झाली. मग आमच्या मंडळींनी डोकं चालवलं. शिपाई कोंडिबानं टेबलाच्या पायांखाली विटा लावल्या, अकाउंटंटांनी वरून जमिनीपर्यंत हिरवं कापड सोडलं. टेबल पुन्हा इतरांएवढं उंच दिसू लागलं. पेशकारसाहेबांना मुद्दाम सकाळीच ट्रेझरीच्या कामाला पिटाळलं. ते समोर असले तर गप्प बसणार नाहीत, याची सगळ्यांना खात्री होती. मलाही ते कबूल होतं. एक दिवस हात वर धरून काढायचा, त्यात काय मोठंसं?

तपासणीचे साहेब माझ्यापाशी आले तेव्हा मी घामाघूम झाले होते. त्यांनी एक मजकूर टाइप करायला सांगितला. मशीन छातीच्या वर, पोट टेबलाला लागलेलं, बोटं चुकू लागली. नेमके त्याच वेळी पेशकारसाहेब दारात उभे. ट्रेझरी म्हणे बंद होती. त्यांनी मला बाजूनं पाहिलं. कोंडिबा मागून हातानं 'नका, नका' करत होता.

"माफ करा साहेब, थोडं थांबा," म्हणत ते पुढे आले, मला उठवलं, कापड वर सारलं. "कोंडिबा, उचल." कोंडिबा हलेना. मग स्वतःच मशीन जमिनीवर ठेवून, टेबलाचा एकेक कोपरा उचलत त्यांनी विटा काढल्या. मशीन परत चढवलं. "बस बेटी. हां. आता बघा साहेब, कसं टाइप करती पोर."

मी टाइप केलं. एकही चूक झाली नाही. साहेबांनी कागद वाचला, मग टेबलाचे पाय बघितले. "हे कुणी कापले?"

"मी."

"सरकारी मालमत्ता आहे ही!"

"व्हय साहेब. बाईबी सरकारनंच ठेवलीया."

साहेब हसले नाहीत. लेखी ताकीद आली, टेबलाची किंमत त्यांच्या पगारातून कापली गेली, आणि पेन्शनीचे कागद ते निवृत्त झाल्यावरही कितीतरी दिवस अडकून पडले. मला अपराध्यासारखं वाटे. ते उलट खूश. "पैशे भरले, म्हणजे टेबल माझं झालं. आता त्याला कोण हात लावतंय बघू." माझी जागा पुढे कायम झाली. बाळंतपणाच्या आदल्या आठवड्यापर्यंत मी त्याच टेबलावर काम केलं आणि पाठीवर हात न ठेवता घरी गेले. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झाल्यावर त्यांनी ते टेबल हातगाडीवर घालून माझ्या घरी पाठवलं. माझ्या लेकीचा सगळा अभ्यास त्यावरच झाला.

ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा मी दौलताबादला गेले. चाचींनी खाटेजवळ लोखंडी स्टूल ठेवलं. पेशकारसाहेबांनी मला ओळखलं की नाही, कळेना. मी माझं नाव सांगितलं, तरी नजर काही चेहऱ्यावर आली नाही. पायांपाशी गेली, तिथून कंबरेवर, तिथून खांद्यांवर. मग त्यांचा हात स्वतःच्या डोक्याखाली गेला आणि उशी ओढू लागला.

"पाठीला घे, बेटी."

"नको, पेशकारसाहेब. मी बरी बसलेय."

"बरी नाय. वाकलीस."

एवढं बोलूनही त्यांना दम लागला. मी उशी घेतली. स्टूल भिंतीशी सरकवलं, उशी पाठीशी धरली आणि ताठ बसले. त्यांनी एकदा नीट पाहिलं आणि डोळे मिटले. चाचींनी चहा आणला तो निवून गेला, तरी मी हलले नाही.