वाणात गेलेली शिराझ

आमच्या आईने गेल्या संक्रांतीच्या हळदी-कुंकवात सोसायटीतल्या बायकांना दारू वाटली, यात तिचा काहीही दोष नव्हता. दोष माझा होता. आणि थोडासा तिच्या गुडघ्यांचा.

आधी आमच्या मंडळाविषयी सांगतो. आम्ही चौघे मित्र अधूनमधून कुणातरी एकाच्या घरी जेवायला जमतो आणि एकाच जातीच्या द्राक्षाच्या निरनिराळ्या वाईन शेजारी शेजारी ठेवून चाखतो. देशमुख हे आमचे गुरू. बँकेतून निवृत्त झाल्यावर ते गुरू झाले, आम्ही कुणी त्यांना नेमलेलं नाही. ते घोट घेतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "मागून काळी मिरी येतेय." लगेच डॉक्टर जोशींनाही मिरी येते. (हे दातांचे डॉक्टर, जिभेचा तेवढा शेजार आहे.) मला कधीच येत नाही. एकदा आली होती, पण ती मटणातली निघाली. चौथे भाऊसाहेब दिंडोरीकडचे. त्यांच्या मळ्यात वाईनचीच द्राक्षं असतात, त्यामुळे ते असल्या शोधात पडत नाहीत. "लय भारी" आणि "नाय जमली" या दोन शेऱ्यांत त्यांचं भागतं.

या वेळी पाळी माझी होती आणि द्राक्ष होतं शिराझ. दोन बाटल्या आपल्या नाशिकच्या, एक कर्नाटकातली, एक फ्रान्सची आणि पाचवी देशमुखांची ऑस्ट्रेलियन. ती त्यांच्या लेकीने तिकडून आणली होती आणि देशमुखांनी ती लग्नातल्या शालूसारखी कपाटात जपली होती. जेवणाच्या आदल्या दिवशी माझ्या हातात देताना त्यांचा हात सुटेना. मी म्हटलं, काळजी करू नका, माझ्याकडे अगदी सुरक्षित जागा आहे.

काळजी करू नका हे वाक्य मी दुसऱ्यांनाच म्हणू शकतो. मी स्वतः जन्मजात काळजीवाहू. नाशकातल्या द्वारका चौकात माझं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे, तिथे शटर ओढल्यावर मी कुलूप तीनदा ओढून बघतो आणि घरी जाऊन पुन्हा वॉचमनला फोन करतो. पण माझ्या सगळ्या काळज्यांची महाराणी म्हणजे आईला कळलं तर काय, ही. आई म्हणजे इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळाची प्रमुख. तिच्या मुलाच्या घरात बाटली येते हे कळलं तर तिला खाली मान घालून टाळ वाजवावे लागतील, अशी माझी पक्की समजूत होती. म्हणून आईच्या लेखी आम्ही 'द्राक्ष अभ्यास मंडळ' होतो. (याला खोटं म्हणता येत नाही. आमचा अभ्यास खूप होतो.)

आता चाखण्याचा नियम असा की, बाटलीवरचं लेबल कुणाला दिसता कामा नये. एरवी आम्ही बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळायचो. पण देशमुख कागदाच्या फटीतून नाव वाचून मग डोळे मिटतात, असा भाऊसाहेबांना संशय होता. तेव्हा मी आईला म्हटलं की दुकानातल्या खताच्या बाटल्यांना ऊन लागू नये म्हणून कापडी पिशव्या हव्यात. खताला पिशव्या शिवणारी ती जगातली पहिलीच बाई असेल, पण तिने शिवल्या. त्याही खणाच्या, तोंडाला नाडी आणि नाडीला गोंडा!

बाटल्या मी पिशव्यांत घातल्या आणि आईच्याच पलंगाखाली पार भिंतीला लावून ठेवल्या. आईचे गुडघे दुखतात, तिला वाकता येत नाही. तेव्हा जगात तिला सापडणार नाही अशी एकच जागा, ती म्हणजे तिच्या स्वतःच्या बुडाखालची. या युक्तीवर मी इतका खूश होतो की मनीषाला, म्हणजे बायकोलाही, सांगितलं नाही.

मला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की आईला त्या पिशव्या फार आवडल्या होत्या. इतक्या, की तिने तशाच आणखी ढीगभर शिवल्या. यंदा हळदी-कुंकवाला वाण म्हणून प्रत्येकीला आवळ्याच्या सरबताची बाटली द्यायची, खणाच्या पिशवीत घालून. आईचं आवळा सरबत म्हणजे सोसायटीत जवळजवळ प्रसाद आहे. कुणाची सून बाळंत झाली, कुणाला पित्त झालं, की आईकडे बाटली घेऊन माणूस येतं. तर या भरलेल्या बाटल्या पायात येऊ नयेत म्हणून तिने कामाच्या संगीताला सांगून कुठे ठेवल्या? पलंगाखाली. मी दुकानात होतो.

शुक्रवारी संध्याकाळी हळदी-कुंकू. ते आटोपलं की आई मावशीकडे नाशिक रोडला मुक्कामाला जाणार होती आणि तोच मुहूर्त मी जेवणासाठी धरला होता. ठरल्याप्रमाणे आई गेली, मंडळी आली. मी पलंगाखाली सरपटत गेलो, हाताला लागल्या त्या पाच पिशव्या ओढल्या आणि टेबलावर मांडल्या. प्रत्येकासमोर लांब दांड्याचे पाच पाच ग्लास. देशमुखांनी हात चोळले. मी पहिली बाटली पिशवीसकट तिरकी केली.

ग्लासात पिवळट हिरवं काहीतरी पडलं. देशमुखांनी सवयीने ग्लास गोल फिरवला, दिव्याकडे धरला, नाक घातलं आणि बराच वेळ काढून म्हणाले, "ही शिराझ नाही."

भाऊसाहेबांनी एका दमात ग्लास संपवला. "आवळा हाय," ते म्हणाले. "लय भारी."

दुसरी आवळा. तिसरी आवळा. मी टॉर्च घेऊन पुन्हा पलंगाखाली शिरलो. तिथे माझ्या लेकाची एक जुनी चप्पल होती, बाकी स्वच्छ. बाहेर आलो तर मनीषा दारात उभी. तिने शांतपणे सांगितलं की वाणाच्या बाटल्या संगीताने खालून ओढून दिल्या आणि आईंनी वाटल्या, पाच उरल्या त्या परत आत सरकवल्या. म्हणजे पाच शिराझ सोसायटीतल्या पाच घरांत होत्या आणि ती घरं कुठली ते परमेश्वराला ठाऊक. माझ्या डोळ्यांपुढे कुणीतरी आजारी नातवाला चमच्याने फ्रान्स पाजताना दिसू लागलं. देशमुख नुसतेच "माझी ऑस्ट्रेलिया" म्हणाले आणि खुर्चीत बसले.

मी आधी खालच्या मजल्यावर खैरनार काकूंकडे धावलो. खैरनार काकू भजनी मंडळात दोन नंबरला आहेत आणि किती वर्षांपासून दोन नंबरला आहेत हे त्यांना चांगलं लक्षात आहे. काही भलतंच झालं तर पहिला फायदा त्यांचा. मी म्हटलं, काकू, वाणाची बाटली चुकून दुसरी गेली, बदलून देतो.

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "वाण परत मागतं का रे कुणी? सवाष्णीला दिलेलं?"

त्यांनी बाटली देवघरात ठेवली होती, बाळकृष्णासमोर. पिशवीवर हळद-कुंकवाची दोन बोटं लागली होती. आत सरबत आहे की शिराझ, हे बाळकृष्ण आणि मी दोघेही सांगू शकत नव्हतो. मी हात जोडले, त्याला की काकूंना कोण जाणे, आणि वर आलो.

वर जोशी डॉक्टरांनी उपाय काढला. एकेकीच्या दारात जाऊन भागणार नाही, सगळ्या बाटल्या एकदम परत यायला हव्यात, तर सरबत खराब झालंय म्हणून सांगा. मनीषा स्वयंपाकघरात होती, तिचा फोन ओट्याशेजारी चार्जिंगला. मी तो उचलला आणि बायकांच्या ग्रुपवर लिहिलं: आजच्या वाणातलं सरबत आंबलं आहे, कृपया पिऊ नये, बाटल्या ताबडतोब परत आणून द्याव्यात. पाठवलं. छातीवरची धोंड उतरली. आपण संकटात किती पटकन विचार करतो, याचं मला कौतुकच वाटलं.

मनीषाने फोन हातातून घेतला आणि वाचला. "या ग्रुपवर आई पण आहेत. माहीत आहे ना तुला?"

आईने मेसेज वाचलेला दिसत होता. मी फोनकडे बघत राहिलो. फोन यायला हवा होता, तो येत नव्हता. यापेक्षा तो आला असता तर बरं, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

तेवढ्यात बेल वाजायला लागली. वाण परत करत नाहीत हे सगळ्यांना मान्य होतं, पण सुमनताईंचं, म्हणजे आमच्या आईचं, सरबत आंबलं हे प्रत्यक्ष येऊन बघण्यासारखं होतं! बायका येत होत्या, पिशव्या टेबलावर ठेवत होत्या आणि हळहळत होत्या. होतं कधी कधी. वय झालं आता त्यांचं. पूर्वीसारखा हात नाही राहिला. आईची अब्रू वाचवायला मी निघालो होतो आणि तिने हयातभर कमावलेली एक गोष्ट एका मेसेजमध्ये बुडवून बसलो होतो. मला खरोखर शरम वाटली. पण बाटल्या येत होत्या, तेव्हा शरमेला म्हटलं, जरा बाजूला उभी राहा.

हे टेबलाशी बसलेले लोक कोण, असं कुणीतरी विचारलं. भाऊसाहेबांनी भरलेला ग्लास वर केला. "तपासणी चालू हाय," ते म्हणाले. देशमुख प्रत्येक पिशवीची मान कापडावरून चाचपत होते. चार शिराझ त्यांनी बरोबर शोधल्या आणि टेबलाखाली जोशींच्या पायांत सरकवल्या. ऑस्ट्रेलिया मात्र सापडेना. सगळ्यात शेवटी खैरनार काकू आल्या, देवासमोरची बाटली दोन्ही हातांत धरून. मी वाण परत करणार नव्हते, म्हणाल्या, पण सुमनताईंसाठी म्हणून आणलं. देशमुखांनी बाटलीच्या मानेकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहून होकाराची मान हलवली.

मी हात पुढे केला आणि त्याच वेळी काकूंच्या मागे लिफ्टचं दार उघडलं. आत आई होती, शेजारी मावशी. शुक्रवारच्या संध्याकाळी नाशिक रोडहून द्वारका चौकातली गर्दी ओलांडून इतक्या लवकर कुठला रिक्षावाला आला असेल, याचं मला आजही नवल वाटतं. तो रिक्षावालाही घाबरला असणार.

"माझं सरबत आंबलंय असं कोण म्हणतं?" आईने विचारलं.

सगळ्या मनीषाकडे बघू लागल्या, कारण मेसेज तिच्या नावाने होता. मी पुढे होऊन म्हटलं, मी म्हणतो. तू चाखलंस का, आईने विचारलं. मी म्हटलं, थोडंसं.

"आण इकडे. मी चाखते, सगळ्यांसमोर."

तिने काकूंच्या हातातली बाटली घेतली. नाडी सोडली, झाकण फिरवलं. (ऑस्ट्रेलियावाले बूच लावत नाहीत, फिरकीचं झाकण लावतात. हे ज्ञान मी मागच्या बैठकीत मोठ्या तोऱ्यात पाजळलं होतं.) आणि तीर्थ घेतात तसा तळहात खोलगट करून तिने त्यात ओतलं. तळहातात जांभळट लाल तळं साचलं.

"लाल कसं झालं?" आई म्हणाली.

"आंबलं की होतं तसं," खैरनार काकू म्हणाल्या.

आईने हात तोंडाकडे नेला. देशमुखांनी डोळे मिटले. समोर अख्खं भजनी मंडळ उभं होतं आणि माझी आई, जी खोकल्याचं औषधही बाटलीवरचं सगळं वाचून झाल्याशिवाय घेत नाही, ती मी बुडवलेलं नाव वर काढायला शिराझ पिणार होती.

"आई, थांब. ती वाईन आहे. माझी आहे."

मग मी सगळं सांगितलं. पिशव्या, खत, पलंग, अभ्यास मंडळ, सगळं. खैरनार काकूंचा हात तोंडावर गेला होता, त्यामागे त्या हसत होत्या की काय कळत नव्हतं. आईने तळहातावरची नजर माझ्याकडे वळवली.

"म्हणजे सरबत आंबलेलं नाही?"

"नाही."

"एकही बाटली नाही?"

"एकही नाही, आई."

तिने सुटकेचा श्वास सोडला आणि बायकांकडे वळली. "ऐकलंत ना सगळ्यांनी? सरबत चांगलं आहे. दारू आमच्या अवीची आहे." आणि बेसिनपाशी जाऊन शांतपणे हात धुतला. इतकी वर्षं मी ज्या गोष्टीच्या धास्तीने वाळत होतो, ती तिने सर्वांसमोर टाकली आणि वर हात धुऊन मोकळी झाली.

त्यानंतर मनीषाला बसवून ग्रुपवर खुलासा लिहून घेतला गेला. सरबत उत्तम आहे, बाटल्या घेऊन जाव्यात. देशमुखांची बाटली झाकण लावून त्यांच्या हातात आली आणि ही तुमच्या घरी जाऊन प्या, असा हुकूमही आला. मग आईने आमच्या लांब दांड्याच्या ग्लासांत सरबत ओतून आधी बायकांना आणि मग आम्हाला दिलं. देशमुखांनी ग्लास फिरवला, घोट घेतला, डोळे मिटले.

"मागून काळी मिरी येतेय," ते म्हणाले.

"येणारच. घातलीय," आई म्हणाली.

मीही घोट घेतला आणि काय सांगू, मलाही मिरी आली. मंडळात बसून ग्लासातली मिरी मला पहिल्यांदाच आली आणि तीही आवळ्यात.

आईची मान काही खाली गेली नाही. भजनी मंडळ अजून तिच्याकडेच आहे आणि पुढच्या संक्रांतीच्या बाटल्यांसाठी बायकांनी आतापासून सांगून ठेवलंय. परवा लिफ्टमध्ये मी, आई आणि खैरनार काकू होतो. मी आपला मजल्यांचे आकडे बघत उभा. काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सुमनताई, सरबत अगदी छान निघालं हो तुमचं. मुलगाच तेवढा आंबला."

आई माझी बाजू घेईल म्हणून मी वाट बघितली. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "हो ना. बाटली वरून चांगली दिसायची."