पंखाचं कापड

शहराबाहेरच्या आमच्या धावपट्टीवर दिवसाला एखादं विमान उतरलं तर उतरतं. तेही लहानसं, जाता जाता इंधनासाठी थांबलेलं. ते आभाळात दिसलं की मी आधी मोटरसायकलवरून पट्टीवरची कुत्री हाकलतो, मग पाणी आणि चहा घेऊन उभा राहतो. वैमानिक हात मिळवतात, वाटेतल्या हवेबद्दल बोलतात आणि थोड्या वेळानं निघून जातात. मग दिवसभर मी, वारा दाखवणारी ती कापडी नळी आणि टिटव्या.

रविवारी मात्र फाटक उघडं असतं. शाळेची पोरं, शहरातली कुटुंबं, ज्याला विमान जवळून पाहायचंय तो येतो. त्यांना मीच फिरवतो.

आई गावी, खाप्याला एकटी राहते. वडील हातमागावर बसायचे तोवर तिनं त्यांना कांड्या भरून दिल्या. मी घरी गेलो की ती विचारायची, "इमान कवा दाखवशीन गा?" मी सांगायचो, बाहेरच्या माणसांना आत सोडत नाहीत. खरं एवढंच होतं की तिचं लुगडं आणि तिचं मोठ्यानं बोलणं मला त्या लोकांसमोर नको होतं. हे लिहितानाही हात अडतो.

पुढे काचबिंदूनं तिची नजर गेली आणि तिनं विचारणं सोडलं. ते मला सोसवेना. यंदाच्या हिवाळ्यात एका रविवारी मी तिला घेऊन आलो. खास परवानगी काढली, असं सांगितलं. धुकं दाट होतं, बाहेरचं कोणी आलं नव्हतं. शेडमध्ये आदल्या संध्याकाळी मुक्कामाला थांबलेलं एक हलकं विमान होतं. त्याच्या वैमानिकाला विचारून मी आईचा हात पंखावर ठेवला.

तिनं तळहात फिरवला, अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"कापड होय हे?"

मी हो म्हटलं. सांगाड्यावर ताणून बसवतात, म्हटलं. तिला हसू आलं. कापडावर माणूस उडतो म्हणजे कमाल आहे, असं काहीतरी ती म्हणाली आणि पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिली. कितीतरी वर्षांनी मी तिला असं हसताना पाहत होतो.

तेवढ्यात वैमानिक तिच्यासाठी चहा घेऊन आला. भला माणूस.

"आजी, येत जा ना अधूनमधून. रविवारी इथं सगळ्यांनाच सोडतात."

आईचा हात पंखावरच थांबला. मी खाली पाहत होतो.

"हा तं केव्हाचा बलावून राहिला मले," ती त्याला म्हणाली. "माह्यंच येनं झालं नाही."

धुकं विरल्यावर विमान उडालं. आवाज पार विरेपर्यंत ती त्या दिशेला तोंड करून बसली होती. परतताना गाडीत वाटत राहिलं, आता ती विचारेल, काहून गा? गावाजवळची कन्हान नदी दिसू लागली तरी तिनं विचारलं नाही. दारात मीच काही बोलायला गेलो, तर म्हणाली, अंधार व्हायच्या आत निघ.

आता मी दर शनिवारी तिला फोन करतो. उद्या येतेस का, न्यायला येतो.

"नाही गा," ती म्हणते. "पाहून झालं माह्यं."