पायलटचा डावा कान

कारखान्यात सगळे त्याला पायलट म्हणत. विमानाशी त्याचा संबंध ते डोक्यावरून जाताना दिसेल तेवढाच. पण ओतकामाच्या शेडमध्ये छपराखालच्या रुळांवरून धावणारी मोठी क्रेन तो ऐन विशीपासून चालवत आला होता. हात इतका हलका, की त्याने टेकवलेल्या साच्याखाली अंडं ठेवलं तरी फुटायचं नाही, असं फोरमन नव्या माणसांना सांगे.

घरी मात्र या पायलटचं टीव्हीच्या आवाजावरून सगळ्यांशी वाजलं होतं. बायको औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहून दमून येई आणि दारातच म्हणे, "अहो, जिन्यापर्यंत ऐकू येतंय." मुलगी घरूनच फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकण्याची नोकरी करत होती. खोलीचं दार लावूनही एका गिऱ्हाइकाने तिला विचारलं होतं, "ताई, तुमच्याकडे भांडण चाललंय का? मी नंतर फोन करू का?"

"टीव्हीतच दम नाही," पायलट म्हणे. "चपटा टीव्ही, चपटा आवाज. काय बोलतात तेच कळत नाही."

शेवटी मुलीनेच तोडगा काढला. मामाने बदली होऊन जाताना दिलेले दोन लाकडी स्पीकर गॅलरीत कुंड्यांखाली पडून होते. त्यांना एक ॲम्प्लिफायर जोडायचा. टीव्हीचा आवाजही त्यातून येईल आणि आईची गाणीही. "फार भारी नको, आपल्याला झेपेल असा बघू," ती म्हणाली. पायलट एवढ्या उत्साहाने हो म्हणाला की बायकोने हातातलं काम थांबवून त्याच्याकडे पाहिलं. एरवी नवी चप्पल घ्यायची तरी चार दिवस विचार करणारा हा माणूस.

त्याला आशा होती ती वेगळीच. आवाज सुधारला की तो कमी ठेवूनही आपलं भागेल, आणि आपल्या डाव्या कानाचं कुणाला कळणार नाही.

तो कान गेला होता. एका सकाळी सर्दीत जाग आली तेव्हा डावी बाजू कापूस कोंबल्यासारखी बंद होती. दोन-चार दिवसांत मोकळी होईल म्हणून त्याने लक्ष दिलं नाही. मग एका दुपारी शेडमध्ये तो साचा उचलून नेत असताना खालच्या माणसाने थांबण्याची शिट्टी वाजवली. वर केबिनमध्ये ती पोचलीच नाही. साचा झोक्याने पुढे गेला आणि एका ढकलगाडीवर आपटून तिचा चुराडा झाला. गाडी ढकलणारा माणूस हातभर अंतराने वाचला.

चौकशीत पायलटने सांगितलं, "शिट्टी वाजलीच नाही." तेव्हा त्याला तसंच वाटत होतं. घरी आल्यावर त्याने मनगटावरचं घड्याळ काढून आधी उजव्या कानाला लावलं, मग डाव्या. डाव्या कानाला टिकटिक नव्हती. 

दुसऱ्या दिवशी जाऊन सांगायला हवं होतं. पण त्याच सकाळी साहेबांनी शिट्टीवाल्याला शेडमधून काढून मागच्या आवारात भंगार निवडायला बसवलं होतं, आणि ते ऐकून पायलट मुकाट्याने शिडी चढून केबिनमध्ये गेला. बायकोला, मुलीला, कुणालाही त्याने ताकास तूर लागू दिली नाही. वर चढला की तो मान डावीकडे वळवून बसे, डोळ्यांत तेल घालून खाली बघे, आणि दिवस पार पडला की सदरा पाठीला चिकटलेला असे.

शनिवारी दुपारी नवराबायको दुकानात गेले. मुलगी कामावर होती. वायर कुठे जोडायची ते दुकानदाराला कळावं म्हणून तिने टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो काढून आईच्या फोनवर दिला होता. दुकान अरुंद, खोक्यांनी छतापर्यंत भरलेलं. चष्मा कपाळावर चढवलेल्या दुकानदाराने फोटो निरखला, खोली केवढी, टीव्ही जास्त की गाणी, असं विचारून घेतलं आणि फळीवर दोन ॲम्प्लिफायर मांडले. एकाला रंगीत दिवे. दुसरा साधा, पुढे चार बटणं.

"दिव्यांकडे बघू नका, कानांनी निवडा," तो म्हणाला. "बाहेर ट्रॅफिकचा गोंगाट आहे, म्हणून हेडफोनवर ऐकवतो. आधी तुम्ही ऐका साहेब, मग बाई."

पहिला निभावला. उजव्या कानात गाणं आलं, त्याने मान डोलावली. दुकानदाराने हेडफोनची वायर काढून दुसऱ्या ॲम्प्लिफायरला जोडली आणि बटण फिरवलं. पायलट वाट बघत राहिला. दुकानदार त्याच्या तोंडाकडे बघत होता, बायकोही बघत होती.

"अजून लावलं नाही का?" त्याने विचारलं.

"चालू आहे की."

दुकानदाराने हेडफोन स्वतःच्या कानांवर घेतला. "हां, उजवीकडची वायर सैल झालीय. पण डावीकडून तर खणखणीत येतंय." त्याने तो बायकोपुढे धरला. तिने डावी वाटी कानाला लावली. तिच्या चेहऱ्यावरचं काहीच हललं नाही, पण हेडफोन खाली ठेवताना तिने तो फार जपून ठेवला.

"आज नुसते बघायला आलो होतो," ती म्हणाली. "परत येऊ."

दुकानदार वायर गुंडाळायला लागला.

रस्त्यावर ती त्याच्या डाव्या बाजूने चालू लागली. औषधं विकून विकून तिला संकोचून औषध मागणाऱ्या लोकांच्या पुटपुटण्याचा चांगला सराव होता, आता ती स्वतः पुटपुटली, "आपल्या घराला आग लागलीय."

तो सरळ चालत राहिला.

बसस्टॉपच्या बाकाशी तिने त्याचा हात धरून त्याला थांबवलं आणि समोर उभी राहिली. "कधीपासून?"

त्याने सांगितलं. सर्दी, घड्याळ, सगळं. ती ऐकत होती तोवर एक बस येऊन गेली.

"आणि ती शिट्टी?"

त्याने रस्त्याकडे तोंड फिरवलं.

"मी त्या माणसाला जेवायला बसल्या बसल्या नावं ठेवली," ती म्हणाली. "निष्काळजी म्हटलं. कुणाचा तरी जीव घेईल म्हटलं. तुम्ही ऐकत होतात."

"ऐकत होतो."

"उजव्या कानाने."

त्याला बाकावर बसावंसं वाटलं, पण ती उभी होती. "क्रेन गेली तर मी कोण?" तो म्हणाला. "वर आहे म्हणून पायलट. खाली मला काय येतं?"

"मला ते ठाऊक नाही. सोमवारी त्या साच्याखाली कोण चालत असेल, तेवढं मला सांगा."

रविवारी घरात टीव्ही लागला नाही. मुलीने दोनदा विचारलं, काय झालंय. आईने "बाबांना विचार" म्हटलं आणि बाबांनी पेपरात डोकं घातलं. संध्याकाळी त्याने तो बाजूला ठेवला आणि मुलीला उजवीकडे बसवून सगळं सांगितलं. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "आणि मी तुम्हाला बहिरे आहात का म्हणून ओरडत होते." मग मात्र ती रडली.

सोमवारी शेडमध्ये भट्टी तापलेली होती. शिट्टीवाल्याच्या जागी एक नवा माणूस उभा होता. त्याला अजून खुणाही धड येत नव्हत्या. पायलट शिडीशी गेला. हात आपसूक पायरीवर पडला. इतक्या वर्षांची सवय. पाय उचललाही गेला.

"चढ लवकर," फोरमन ओरडला. "लोखंड तयार आहे."

पायलटने पाय खाली घेतला. "मी चढणार नाही. दुसऱ्याला बोलवा."

"सकाळी सकाळी चेष्टा नको."

"मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. त्या दिवशी शिट्टी वाजली असणार. मलाच ऐकू आली नाही."

भोवतीची माणसं थांबली. मग फोरमनने हात वर करून भट्टीवाल्यांना थांबायची खूण केली आणि दुसऱ्या पाळीच्या क्रेनवाल्याला फोन लावला. तो पोचेपर्यंत सगळी शेड खोळंबून राहिली, आणि त्या सगळ्यांच्या नजरा अंगावर घेत पायलट साहेबांच्या खोलीकडे चालत गेला. साहेबांनी फार काही सुनावलं नाही. "आधी का नाही बोललास?" एवढं त्यांनी तीनदा विचारलं.

तिथून तो मागच्या आवारात गेला. शिट्टीवाला एका खोक्यावर बसून पितळ आणि लोखंड वेगळं करत होता. पायलटने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. शिट्टीवाल्याने हातातला तुकडा पितळेच्या ढिगात टाकला, मग तो लोखंडाचा आहे हे लक्षात येऊन परत उचलला.

"वाजवली होती," तो म्हणाला. "मला पक्कं माहीत होतं. पण जो तो विचारायला लागला, नक्की वाजवलीस का, नक्की का? हळूहळू मलाच वाटायला लागलं, नसेल वाजवली. घरी झोपेतून उठून आठवून बघायचो, गालात हवा भरली होती का."

"माझं चुकलं."

"चुकलंच." शिट्टीवाल्याने त्याच्याकडे न बघता पुढचा तुकडा घेतला. "साहेबांना सांगितलंस?"

"आत्ताच."

"मग जा आता. मला जरा बसू दे."

शिट्टीवाला त्याच आठवड्यात शेडमध्ये परतला. पायलटला त्यांनी हत्यारांच्या खोलीत बसवलं. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आतली नस गेलीय, ती परत यायची नाही. पहिल्या काही दिवसांत आला असता तर कदाचित वाचवता आली असती. हे ऐकताना बायको शेजारच्या खुर्चीत होती. त्यावरून तिने त्याला पुढे कधीही बोल लावला नाही.

मग एके दिवशी ती दोघं त्याच दुकानात गेली. या वेळी पायलट स्वतःच बोलला. "माझा डावा कान कामातून गेलाय. टीव्ही ऐकायचाय, गाणी ऐकायचीत, आणि घरात मुलीला त्रास द्यायचा नाही. मला कुठला चालेल?"

"असं आधी सांगायचं ना," दुकानदार म्हणाला आणि मग जरा ओशाळला. त्याने दिवेवाल्याला हातही लावला नाही. मागच्या फळीवरून एक जुना, पण नीट दुरुस्त केलेला ॲम्प्लिफायर काढला. "याला मोनोचं बटण आहे. नव्या स्वस्तातल्यांत बहुतेक नसतं. टीव्हीचा आवाज यात उतरवायला मध्ये एक छोटी डबी जोडावी लागेल, पण दोन्ही मिळूनही तुमच्या आवाक्यात बसेल. हेडफोन लावा."

एक गाणं सुरू झालं. गायकाचा आवाज, तबला.

"आता बटण दाबतो."

उजव्या कानात अचानक एक बासरी आली. ती मघापासून वाजतच होती, फक्त डाव्या बाजूला. आता दोन्ही बाजू एक होऊन त्याच्या चालू कानात येत होत्या. पायलटने गाणं संपेपर्यंत हेडफोन काढला नाही. दुकानदाराने दुसऱ्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं.

"हा घेऊ," पायलट बायकोला म्हणाला.

"तुम्हाला नीट येतंय ना?"

"सगळं येतंय."

गॅलरीतले स्पीकर पुसून बैठकीत आले. सुट्टीच्या सकाळी बायको त्यांवर तिची गाणी लावते. मुलगी तेवढ्यापुरतं मोनोचं बटण सोडवते, कारण तिला म्हणे त्याने गाणी सपाट वाटतात. संध्याकाळी पायलट हेडफोन लावून बातम्या बघतो, आणि पलीकडच्या खोलीत मुलगी गिऱ्हाइकांची समजूत काढत असते.

शिट्टीवाला आता हत्यारांच्या खोलीत पाना मागायला येतो, उजव्या बाजूला उभा राहून मागतो आणि सही करून जातो. त्यापलीकडे दोघांत अजून फारसं बोलणं नाही.