मीराचे दुधाचे दात

रेवदंड्याच्या बाजारात मी मासळी घेत होते, तेव्हा नवऱ्याचा फोन आला. "घरी ये. आई गेली." दुपारी जेवून आडव्या झालेल्या सासूबाई उठल्याच नव्हत्या... महिना उलटून गेला, तरी नागावच्या आमच्या घरात त्या नाहीत, हे पटत नाही.

मी शाळेत शिकवायला जायचे, त्यामुळे माझ्या वेदला आईंनीच सांभाळलं. पेज फार गरम नाही ना, हे आधी स्वतःच्या जिभेवर बघायच्या आणि त्याच चमच्याने त्याला भरवायच्या. झोपताना साखरेच्या दुधाची बाटली. आमच्याकडे सगळी मुलं अशीच वाढलेली. पण दोन वर्षांचा व्हायच्या आतच वेदचे पुढचे दात काळे पडले, घास तोंडात गेला की रडायचा. अलिबागच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दात किडवणारे जंतू बहुतेकदा घरातल्या मोठ्यांच्या लाळेतून बाळाच्या तोंडात जातात. कधी कधी पहिला दात यायच्याही आधी. मग गोड दूध मिळालं की फोफावतात."

परतताना रिक्षात, घर जवळ आल्यावर आई म्हणाल्या, "म्हणजे मीच दिलं ना गं पोराला?"

"एकट्या चमच्यानं कीड नाही लागत आई, साखरेनंही लागते."

पण त्या दिवसापासून त्यांनी वेदला भरवलंच नाही. भात कालवून वाटी माझ्यापुढे सरकवायच्या आणि उठून मागच्या वाडीत जायच्या... ते बघवत नसे.

धाकट्या मीराच्या वेळी मला सातवा लागला होता. एका सकाळी आई चांगली साडी नेसून पुढ्यात उभ्या. "चल अलिबागला. माझे दात दाखवायचे हायत." वर्षानुवर्षं दाढेखाली लवंग धरून दिवस काढलेली, दातांच्या दवाखान्याच्या दारातून परत फिरलेली ही बाई! खुर्चीत बसल्यावर त्यांनी माझा हात असा धरला, की बांगडी मनगटात रुतली. काही दाढा काढाव्या लागल्या, काही भरल्या. बाहेर आल्यावर गालात कापूस धरून बोबडं बोलत त्यांनी विचारलं, "आता भरवू ना गं बाळाला?"

मीराला त्यांनीच भरवलं, तिच्या वेगळ्या चमच्याने. दूध पिऊन झालं की ओल्या मलमलीने हिरड्या पुसायच्या. यंदा डॉक्टरीणबाईंनी मीराचे दात तपासले, एकही किडलेला नव्हता. ते ऐकून आई पदरात तोंड लपवून रडल्या.

मीराच्या तोंडाचा पापा मात्र त्यांनी कधी घेतला नाही. बोटं तोंडात जातात म्हणून हाताचाही नाही. घ्यायच्या तो तळपायाचा. परवा पायरीवर बसून मी मीराला चप्पल घालत होते. तिनं पाय सोडवून घेतला आणि माझ्या तोंडासमोर धरला. "आधी पापा," म्हणाली... तळव्याला वाडीतली वाळू लागली होती. मी तसेच ओठ टेकवले.