साहेबांचा गुलाबवाफा

आमच्या कापूस संशोधन केंद्रावर कामाला असलेल्या अक्का रानकपाशीचे पराग गावकपाशीच्या फुलाला लावायच्या. पिकात रोगाशी झुंजायचं बळ यावं म्हणून. शिंक आली तरी फुलावरचं बोट हलू द्यायच्या नाहीत.

पाहुणे येणार म्हणून नव्या साहेबांनी रानकपाशीची ती काटकुळी झाडं तण म्हणून उपटवली. केंद्रातल्या झाडांची यादी मी ठेवते; त्यातली अकरा झाडं, मला न विचारता! अजून आठवलं की डोकं तापतं.

"साहेब, हाई तन नही. बठ्ठी कपाशीनं औषध शे," अक्का म्हणाल्या.

"सगळ्या कपाशीचं औषध? औषध दवाखान्यात मिळतं, अक्का," साहेब हसले.

अक्कांनी फाटकाजवळचे साहेबांचे गुलाब उपटले आणि त्याच वाफ्यात ती उपटलेली रानकपाशी लावली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी यादी उघडली आणि त्यांच्यासमोरच अकरा झाडांची जागा बदलून 'फाटकाजवळचा वाफा' अशी लिहिली.

चार झाडं जगली.