केल्विनची निगेटिव्ह

माझा नवरा ऑगस्टीन पाचूबंदरच्या कोळ्याचा पोरगा, पण पाण्याला भिणारा. होडीत चढायला नको म्हणून वालीवच्या कारखान्यात लागला. कारखाना बंद पडला तसा स्कॅनर आणून लोकांच्या जुन्या निगेटिव्ह घरीच कॉम्प्युटरवर चढवू लागला. माझं जेवणाचं टेबल गेलं ते गेलंच. म्हटलं, चला, या धंद्यात तरी भिण्यासारखं काही नाही.

ऑक्टोबरात क्लेमेंटीन मावशी आली. तिचा केल्विन कितीतरी वर्षांपूर्वी समुद्रात गेला, तो सापडलाच नाही. मढं नाही म्हणून थडगं नाही. मृतांच्या दिवशी सगळे आपापल्या थडग्यावर मेणबत्ती लावतात, ही मात्र दफनभूमीच्या फाटकाशी मेणबत्ती हातात धरून उभी. त्याचा एकुलता एक फोटो गेल्या पुरात गेला. निगेटिव्हच्या दोन पट्ट्या तेवढ्या उरल्या. त्या घरच्या ऑल्टरवर, क्रूसापुढे ठेवून रोज रोझरीची प्रार्थना झाली की मावशी त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडायची. आईची माया, दुसरं काय! पण त्यानं पट्ट्या एकमेकींना घट्ट चिकटल्या होत्या.

ओढल्या तर चित्राचा थर सोलून निघणार. भिजवल्या तर सुटतील, नाहीतर थरच वितळेल. ऑगस्टीन पांढराफटक पडला. मला आत नेऊन म्हणाला, "रोझी, समुद्रानं त्याला एकदा नेलाय. दुसऱ्यांदा माझ्या हातून जाईल."

मी चिडले. मग नाही म्हणून सांग, तिला उगाच आशेवर ठेवू नकोस. तर तेही सांगायची हिंमत नाही! शेवटी बॅटरीत घालतात ते पाणी आणून त्यानं माझ्या परातीत पट्ट्या सोडल्या. मावशी बाजूला माळ ओढत बसली. थोड्या वेळानं एका पट्टीचा थर सुटून पाण्यावर तरंगायला लागला.

दुसरी पट्टी तगली. वाळवून स्कॅनरवर ठेवली, तर पडद्यावर काळं तोंड, पांढरे केस, पांढरी बुबुळं. मावशी क्रूसाची खूण करत मागे सरली. हा माझा नाय, म्हणाली.

ऑगस्टीननं बटण दाबलं आणि चित्र सुलट झालं. होडीच्या कडेला बसून हसणारा केल्विन. मावशी पुढे आली, काचेला हात लावून बघत राहिली.

"एवढासाच होता?" ती म्हणाली. "माझ्या मनात तर तो बाप्या झालेला."

ऑगस्टीन खुर्चीतच रडायला लागला. त्या दिवशी मी त्याला काही बोलले नाही.